झाडीपट्टीचा उन्हाळा (भाग 4) : मोह, तेंदूपत्ता आणि मतदान

10 मे 2025. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या बायका तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या आणि त्यांच्यातल्या तिघींचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. एकाच गावच्या तिघी, एकाच दिवशी. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः वाघाची. जीव धोक्यात आहे हे माहीत असूनही बायका मे महिन्यात जंगलात का जातात, हे समजून घ्यायचं तर या तालुक्याच्या उन्हाळ्याकडे आणि त्यामागच्या इतिहासाकडे वळावं लागतं.

सिंदेवाही हा धानाचा मुलूख. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथे आहे आणि भाताचं वाण ही त्याची ओळख. पण तलावाचं पाणी पोचत नाही अशा कोरडवाहू बांधीत वर्षाला एकच पीक निघतं. मळणी उरकली, उधारी फिटली, की फेब्रुवारीपर्यंत लहान शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात फारसं काही उरत नाही. जून उजाडताच मात्र बियाणं, खत, मुलांची वह्या-पुस्तकं असे सगळे खर्च एकदम अंगावर येतात. मधले तीन महिने घर चालतं ते जंगलावर.

आधी येतो मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळू लागतात आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचावं लागतं, नाहीतर गुरं आणि रानातली जनावरं आपला वाटा उचलतात. पाचोळ्यात पडलेलं फूल दिसत नाही म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग कधी कधी रानभर पसरते. वेचलेली फुलं अंगणात वाळत पडली की अख्ख्या गावाला तो गोडसर, जड वास लागतो.

मग येतो पत्ता, आणि खरी रोकड तिथेच. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत झळकतात, नेमके तेच दिवस. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत ओझं डोक्यावर घेऊन परतायचं. दुपारी सावलीत सगळं घर बसतं. म्हातारी पानं जुळवते, पोरं मोजतात, कुणी बांधतं. महाराष्ट्रात सत्तर पानांचं एक पुडकं. अशी हजार पुडकी झाली की एक प्रमाण गोणी भरते. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे पत्ता संकलन केंद्रावर न्यायची. तिथे मुन्शी मोजून घेतो, डाग पडलेली, फाटकी पानं बाजूला काढतो आणि उरलेली पुडकी उन्हात रांगेने मांडली जातात. मजुरी शेकड्यावर. एका माणसाच्या हाताला हे काम झेपत नाही, म्हणून हंगामात लग्न झालेल्या लेकीही माहेरी येऊन पत्ता तोडतात.

हे पान कोणाचं, हा प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याची सुरुवात गावच्या तलावांपासून दिसते. 1854 मध्ये चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि मालगुजारी पद्धत, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या हाती गाव देण्याची रीत रुजली. त्याआधी गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव खोदले जात होते. पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार), पाटाचं पाणी वाटून घेण्याची रीत, हे सगळं गावच सांभाळायचं. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने कागदावर राहिले. मालगुजाराची सत्ता संपली हे चांगलंच झालं. पण पाळीची डागडुजी आणि गाळ काढणं ही उन्हाळी कामं गावाच्या हातून सुटली, आणि त्याचं नुकसान आजही कित्येक गाळाने भरलेल्या तलावांत दिसतं. जंगलाचंही तसंच. 1969 च्या कायद्याने तेंदूपत्त्याच्या व्यापाराची सूत्रं सरकारकडे गेली. तेंदूच्या जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव होतो, ठेकेदार ठरतो आणि तोडणाऱ्या बाईच्या वाट्याला येते मजुरी.

या गावांत लोकसभेचं राजकारणही उन्हाळ्यातच रंगतं. सिंदेवाही चंद्रपूर जिल्ह्यात असली तरी लोकसभेला मत देते गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. 2014 मध्ये 10 एप्रिल, 2019 मध्ये 11 एप्रिल, 2024 मध्ये 19 एप्रिल, तिन्ही मतदानं मोह वेचण्याच्या दिवसांत आली. तरीही तिन्ही वेळा मतदान सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. पहाटे टोपलीभर फुलं वेचून मग केंद्रावर रांगेत उभं राहणाऱ्या मतदाराला उदासीन म्हणता येणार नाही. विधानसभेत सिंदेवाही, सावली आणि ब्रह्मपुरी मिळून ब्रह्मपुरी मतदारसंघ होतो. 2014 पासून इथून निवडून येणारे काँग्रेसचे विजय वडेट्टीवार राज्याचे विरोधी पक्षनेतेही होते. म्हणजे तालुक्याचा आवाज विधानभवनात पोचत नाही, अशी स्थिती नाही.

कायदाही आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. चंद्रपूरच्याच गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळवले, बांबूवर गावाचं उत्पन्न उभं केलं आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. छाटणीने आणि आगीने जंगलाची हानी होते, हे त्यामागचं एक कारण. बांबूचा पैसा गावात येत होता म्हणून पाचगावला हा निर्णय पेलला, हे विसरून चालणार नाही. सिंदेवाही तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या कक्षेत नाही. त्यामुळे इथल्या गावांना वनहक्क कायदा हाच मोठा आधार, आणि तोही दाव्यांचे कागद, नकाशे, ठराव यांच्या वाटेने चालत मिळवायचा.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर शासन वारसांना 25 लाख रुपये देतं. रक्कम लहान नाही. पण ती जीव गेल्यावर मिळते. त्याआधीचं काम आहे ते हंगाम सुरू होताना फळीवरच करण्याचं: जंगलाच्या कोणत्या कक्षात वाघीण पिलांसह आहे ते मजुरांना आदल्या संध्याकाळी सांगणं, तो भाग बंद ठेवल्यास बुडालेली मजुरी देणं, टोळीसोबत वनरक्षक पाठवणं. रोज नव्वद-शंभर पुडकी बांधली तरच जूनचं बियाणं येणार असेल, तर नुसत्या ‘जंगलात जाऊ नका’ या सूचनेने कुणी घरी थांबत नाही. बंद कक्षाची मजुरी कोणी भरायची, ठेकेदाराने, वनविभागाने की शासनाने, हे लिलावाच्या अटींमध्ये आधीच लिहिलेलं असायला हवं.

पुढील भागात : मामा तलावांतला गाळ आणि ढिवर समाजाची मासेमारी.