साडेपाचशे विरुद्ध भोपळा

अकरा सामने, अकरा विजय. केलेले गुण 550, दिलेले गुण शून्य. 1901 च्या हंगामात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने एकाही प्रतिस्पर्ध्याला भोपळा फोडू दिला नाही. आणि हे काही पगारी खेळाडू नव्हते. कॉलेजात शिकणारी पोरं होती, त्यातली काही पुढे वकील झाली, काही इंजिनिअर.

विश्वास बसत नसेल तर हा घ्या हिशेब: ऑल्बियन 50, केस 57, इंडियाना 33, नॉर्थवेस्टर्न 29, बफेलो 128, कार्लाइल 22, ओहायो स्टेट 21, शिकागो 22, बेलॉइट 89, आयोवा 50, स्टॅनफर्ड 49. बेरीज तुम्हीच करा.

पास द्यायला बंदी!

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात लांबट चेंडू घेऊन धावण्याचा. पण आज टीव्हीवर दिसतो तसाही नाही. चेंडू पुढे फेकायला तेव्हा परवानगीच नव्हती; ती 1906 साली मिळाली. त्यामुळे सगळा मामला छाताडाला छाताड भिडवण्याचा. कबड्डीतली पकड आठवा, फक्त दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा जण एकाच वेळी तुटून पडताहेत अशी कल्पना करा.

टचडाऊनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला, पाच गुण मिळायचे (आज सहा), त्यानंतरच्या किकला एक, मैदानी गोललाही पाचच. मैदान आजच्यापेक्षा दहा यार्डांनी लांब. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. आणि सर्वांत कडक नियम असा की एकदा मैदानाबाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घाईवाले योस्ट

या पराक्रमामागचा माणूस म्हणजे फील्डिंग योस्ट. वेस्ट व्हर्जिनियाचे, शिक्षणाने वकील, स्वभावाने उतावळे. टोपणनावच ‘हरी अप’ योस्ट. एक चाल संपली की खेळाडूंनी लगेच दुसरीसाठी उभं राहायचं, समोरच्याला दम घ्यायला वेळ द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. मिशिगन विद्यापीठाचं गाव ॲन आर्बर; तिथल्या स्टेशनावर उतरल्यावर ते बॅगा उचलून विद्यापीठापर्यंत पळतच गेले, अशी गोष्ट तिथे अजून सांगतात. खरी असो वा नसो, माणसाला शोभते.

त्यांचं विद्यार्थिदशेतलं एक प्रकरण तर भन्नाट आहे. 1896 मध्ये ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून लाफायेट कॉलेजविरुद्ध खेळले आणि हरले. लाफायेटची गाठ पुढे पेनसिल्व्हेनियाच्या बलाढ्य संघाशी होती. त्या सामन्यात योस्ट चक्क लाफायेटकडून मैदानात उतरले! लाफायेटने 6-4 असा सामना जिंकला, पेनची 36 विजयांची मालिका तुटली, आणि थोड्याच दिवसांत योस्टसाहेब कायद्याचं उरलेलं शिक्षण पुरं करायला वेस्ट व्हर्जिनियात हजर. आज कुणी असं केलं तर चौकशी समिती बसेल.

प्रशिक्षक म्हणूनही ते एका गावात टिकत नसत. 1897 ओहायो वेस्लियन, 1898 नेब्रास्का, 1899 कॅन्सस, 1900 स्टॅनफर्ड. दरवर्षी नवं बिऱ्हाड. स्टॅनफर्डने नियम काढला की प्रशिक्षक आपलाच माजी विद्यार्थी हवा, आणि योस्ट यांना तिथून निघावं लागलं. मिशिगनच्या चार्ल्स बेअर्ड यांनी त्यांना उचललं. ‘उचललं’ हाच शब्द योग्य, कारण स्टॅनफर्डला त्याची किंमत वर्षभरात चुकवावी लागली.

योस्ट एकटे आले नाहीत. कॅलिफोर्नियात असताना त्यांनी सॅन होजेच्या अध्यापक विद्यालयाच्या संघालाही थोडं शिकवलं होतं. तिथला विली हेस्टन नावाचा गडी त्यांच्या नजरेत भरला होता. तो मास्तर व्हायचा, तो ॲन आर्बरला आला आणि पुढची चार वर्षं बचावफळ्या फोडत राहिला.

22 वेळा

26 ऑक्टोबर 1901. बफेलोचा संघ काही लिंबूटिंबू नव्हता. त्याच मोसमात त्याने कोलंबियाला हरवलं होतं. मिशिगनने त्यांच्याविरुद्ध 22 टचडाऊन केले आणि त्यांतल्या 18 नंतरची किक यशस्वी झाली. एकशे दहा आणि अठरा, झाले 128.

या सामन्याचा एक किस्सा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. बफेलोचा एक खेळाडू घोंगडी पांघरून मिशिगनच्या बाकावर बसलेला योस्ट यांना दिसला. बाबा रे, तू चुकीच्या बाजूला आलास, असं त्यांनी सांगितलं. त्यावर त्याचं म्हणणं असं की अजिबात नाही, मी तिकडे जाऊन आलोय, म्हणूनच इथे बसलोय. किस्सा मीठमसाला लावून आलेला असणार, पण 128 गुण खाल्लेल्या माणसाची बाजू मला पटते.

फुलांच्या गावात धुळवड

आता मुख्य प्रयोग. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावात 1890 पासून नववर्षाला फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघायची. आयोजकांना वाटलं, सोबत एक फुटबॉल सामना ठेवला तर गर्दी वाढेल. पूर्वेकडून मिशिगनला बोलावलं, पश्चिमेकडून स्टॅनफर्डला. म्हणजे योस्ट यांना वर्षापूर्वी निरोप देणाऱ्यांनाच! एखाद्या पटकथालेखकाने हे लिहिलं असतं तर फारच जुळवून आणलंय म्हणून आपण नाकं मुरडली असती.

1 जानेवारी 1902. आठ हजारांहून अधिक लोक जमले. मिशिगनची पोरं ऐन हिवाळ्यातल्या ॲन आर्बरहून रेल्वेने अर्धा देश ओलांडून कॅलिफोर्नियाच्या उन्हात आली होती. सुरुवातीला स्टॅनफर्डने चांगलंच झुंजवलं, बराच वेळ कुणालाच गुण मिळेना. मग बांध फुटला. मध्यंतराला 17-0. उत्तरार्धात आणखी 32. आठ टचडाऊन झाले, त्यांतले पाच एकट्या नील स्नोचे. हेस्टनने एकही टचडाऊन केला नाही, पण चेंडू घेऊन 170 यार्ड धावला. वाट त्याने मोकळी केली आणि शेवटचा धक्का स्नोने दिला.

स्टॅनफर्डच्या चिवटपणाला मात्र दाद द्यायला हवी. त्यांचा रूझवेल्ट नावाचा खेळाडू, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या नात्यातला, पाय मोडलेला असतानाही बराच वेळ खेळत राहिला असं सांगतात. शेवटी आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डचा कप्तान राल्फ फिशर मिशिगनच्या ह्यू व्हाइटकडे गेला आणि आता थांबू या म्हणाला. व्हाइट तयार झाला. 49-0.

मघाचा नियम आठवतोय? मिशिगनचे सुरुवातीचे अकराच्या अकरा जण शेवटपर्यंत मैदानावर होते. एकही बदली खेळाडू लागला नाही. माझ्या मते या हंगामातला खरा चमत्कार हा आहे. 550 चा आकडा त्यापुढे फिका.

मग फुटबॉल गेला, रथ आले

इतक्या एकतर्फी सामन्यानंतर आयोजकांचा उत्साह मावळला. पुढच्या वर्षी त्यांनी पोलो ठेवला. तोही जमला नाही, तेव्हा 1904 पासून चक्क रोमन पद्धतीच्या रथशर्यती सुरू केल्या. ‘बेन हर’ या कादंबरीने तेव्हा अमेरिकेला रथांचं वेड लावलं होतं. त्या उत्सवात शहामृगांच्या शर्यती झाल्या, आणि एकदा उंट विरुद्ध हत्ती अशीही शर्यत लागली. हत्ती जिंकला. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, उत्सवाच्या इतिहासातच आहे.

फुटबॉल परतला तो थेट 1916 मध्ये. तोच सामना आज ‘रोझ बोल’ म्हणून ओळखला जातो, आणि अमेरिकेतल्या अशा सगळ्या ‘बोल’ सामन्यांचा तो थोरला भाऊ.

स्टॅनफर्डनेही पुढे, 1906 मध्ये, हा खेळ सोडून रग्बी धरली. कारण 49-0 नव्हे, तर मैदानावरची जीवघेणी मारामारी. 1905 च्या मोसमात देशभरात 18 जण दगावल्याची नोंद ‘शिकागो ट्रिब्यून’ने केली होती, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज दिली होती.

तरीही एकटे विजेते नव्हेत

गंमत बघा. एवढं करूनही मिशिगनचं विभागीय विजेतेपद वाटून गेलं, कारण विस्कॉन्सिनचा संघही नऊपैकी नऊ सामने जिंकला होता आणि दोघांची गाठच पडली नाही. पूर्वेला हार्वर्ड बारापैकी बारा जिंकून बसलेलं. राष्ट्रीय विजेता ठरवायची सोय तेव्हा नव्हतीच. मिशिगनच्या नावापुढे ते बिरुद लागलं ते कैक वर्षांनी, जुने निकाल चाळणाऱ्यांमुळे.

खेळाडूंच्या वाटा नंतर फुटल्या. डॅन मॅकगुगिन व्हँडरबिल्टचा नामांकित प्रशिक्षक झाला आणि योस्ट यांचा साडूही. दोघांनी सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. अल्बर्ट हर्नस्टीनने 1902 मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध सहा टचडाऊन केले (निकाल 86-0), आणि चारच वर्षांनी तो त्याच ओहायो स्टेटचा प्रशिक्षक झाला. चार मोसम राहिला, चारही वेळा मिशिगनकडून हरला. कर्टिस रेडन पहिल्या महायुद्धात कर्नल होता. लढाई थांबल्यावर जर्मनीत न्यूमोनियाने गेला.

तीस सेंटची सुरई

योस्ट यांच्या संघाची अपराजित मालिका 56 सामने चालली. त्यात बरोबरी एकच, 1903 साली मिनेसोटाशी 6-6. तिथले लोक पाण्यात काही मिसळतील अशी योस्ट यांना धास्ती, म्हणून व्यवस्थापक विद्यार्थ्याने तीस सेंटला पाच गॅलनचं मातीचं भांडं विकत आणलं. सामन्यानंतरच्या गोंधळात ते तिथेच राहिलं. मिनेसोटाच्या ऑस्कर मुन्सन नावाच्या कर्मचाऱ्याला ते सापडलं. त्यावर निकाल रंगवला गेला: मिनेसोटाचा सहा भला मोठा, मिशिगनचा सहा इवलासा. ‘लिटल ब्राऊन जग’ नावाने तेच भांडं आजही दोन्ही विद्यापीठांमधली ट्रॉफी आहे.

मालिका तुटली नोव्हेंबर 1905 मध्ये, शिकागोविरुद्ध. निकाल 2-0. पाच मोसमांत अठ्ठावीसशेहून जास्त गुण करणारा संघ त्या दिवशी एक गुणही करू शकला नाही.

आणि रोझ बोल? विभागीय संघटनेने अशा सामन्यांना बरीच वर्षं मनाई केली होती, म्हणून मिशिगन पॅसाडेनाला परत गेलं ते 1 जानेवारी 1948 रोजी. समोर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. योस्ट 1946 मध्येच वारले होते, त्यांना तो सामना पाहता आला नाही. मिशिगनने तो जिंकला, 49-0 असाच. दोन्ही आकडे विक्रमपुस्तकात शेजारी-शेजारी आहेत, योगायोगांची वही करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.