पदवीचे कर्ज आणि पहिला पगार

लग्नसराईसाठी उधारीने माल उचलताना आम्ही निलंग्याचे कापडवाले आधी पाहतो की माल कधी खपेल आणि देणे कधी येईल. मुलाला पत्रकारितेच्या पदवीला घालताना मात्र हा हिशेब राहूनच जातो.

समजा, पुण्याच्या खासगी कॉलेजसाठी बँकेचे ४ लाख एकदम उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची ३ वर्षे व पुढे १ वर्ष हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सरळव्याजानेच १ लाख ६० हजार चढतात. ही रक्कम ७ वर्षांत फेडायची तर महिना सुमारे ९,३०० रुपये. पहिला पगार १५ हजार धरला तर हाती ५,७०० उरतात. पुण्यात एवढ्यात खोली घ्यावी की जेवावे?

शिकतानाच घरून व्याज भरत गेल्यास हप्ता ६,६५०च्या आत राहतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही माध्यमशास्त्र संकुल आहे. जवळच शिकून कर्ज १ लाखावर थांबले, तर व्याज चढूनही हप्ता २,३००च्या आसपास.

कागदावर मुलाबरोबर बापाचीही सही असते. हप्ता चुकला की बँकेची नोटीस निलंग्यालाच येते.