छऱ्याची बंदूक मंद का होते?

जत्रेत फुगे फोडायची बंदूक तुम्ही पाहिली असेल. पोरे पैसे देतात, नेम धरतात. कधी कधी गंमत होते. छर्रा फुग्याला लागतो, पण फुगा फुटतच नाही! पोर चिडते, दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. दुकानदार म्हणतो, "स्प्रिंग गेली." आम्ही म्हणतो, थांबा. आधी हवा कुठून पळते ते पाहा.

या बंदुकीत दारू नसते. हवेच्या जोराने छर्रा उडतो. सायकलचा पंप आठवा. त्याच्या दांडीच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो. जुन्या बंदुकीतही तसेच असते. आत एक नळकांडे, त्यात दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाला वायसर आणि मागे जाड स्प्रिंग. नळी खाली वाकवली की दट्ट्या मागे सरतो. स्प्रिंग दबते आणि खिटीत अडकते. चाप ओढला की खिटी सुटते. दट्ट्या धाडकन पुढे येतो. त्याच्या पुढची हवा दाबली जाते, बारीक भोकातून नळीत शिरते आणि छऱ्याला ढकलते.

आता बघा, पावसाळाभर बंदूक माळ्यावर पडून राहते. चैत्रात जत्रेसाठी ती खाली काढतात. तोवर चामडे वाळून कडक झालेले असते. हवा त्याच्या बाजूने मागे पळते. अशा वेळी नवी स्प्रिंग घालून काय उपयोग?

हात लावण्याआधी बंदूक रिकामी करा. भरलेली आहे की नाही असा संशय आला, तर नळीत डोकावू नका. वाळूच्या पोत्यावर छर्रा मारून मोकळी करा. झाडावरच्या साळुंकीवर परीक्षा नको.

पहिली गोष्ट, लाकडी दस्त्याचे स्क्रू. दर बाराला बंदूक मागेपुढे हिसके देते, त्याने ते ढिले होतात. मग नेम चुकतो आणि लोक म्हणतात, फुगेवाल्याने बंदूक मुद्दाम वाकडी केली. कधी तसेही असेल! पण आधी स्क्रू आवळून पाहा.

दुसरी गोष्ट, नळीचा सांधा. तिथेही एक लहान वायसर असतो. सांध्यावर पतंगाच्या कागदाचा तुकडा ठेवा आणि पोत्यावर छर्रा मारा. कागद उडाला, तर हवा तिथूनच पळते. तो वायसर बदला. काम लहान, पण गुण मोठा.

कागद हलला नाही, तर दट्ट्याचा वायसर पाहावा. बंदूक दस्त्यावर उभी करा. नळी थोडीशीच वाकवा, चाप चढू देऊ नका. मागे हवेचे बारीक भोक दिसेल. त्यात मोटारीच्या जाड तेलाचे २ थेंब सोडा आणि बंदूक रात्रभर तशीच उभी ठेवा. चामडे तेल पिऊन फुगते.

दोनच थेंब, बरं का! पंप मारताना त्याचे बूड तापते, ते तुम्हाला ठाऊक आहे. बंदुकीत हवा याहून फार जोराने दबते. तेल जास्त झाले किंवा रॉकेल घातले, तर ते आतच पेट घेते. मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि वायसर, स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

छर्रा न घालता चाप ओढणे तर फारच वाईट. छर्रा असला की त्याच्यामागे हवेची उशी तयार होते. तो नसला की दट्ट्या लोखंडावर आदळतो. पोरांना ही खोड फार.

आणि छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरा. ती सुटली तर झटक्यात वर येते. मध्ये बोट असले तर बोट जायचे.

इतके करूनही जोर आला नाही, किंवा नळी वाकवताना आत करकर वाजले, तर स्प्रिंग मोडली असेल. ती घरी काढू नका. ती आत दाबूनच बसवलेली असते. मागची खीळ काढताच तीराप्रमाणे बाहेर येते. डोळाच फुटायचा! जाणता कारागीर ती शिकंज्यात धरून हळूहळू सोडतो. मग काचेवर लोळवून वाकली आहे का ते पाहतो. त्याच्याकडेच द्या.

जत्रा संपली की बंदूक पुसा. स्प्रिंग दबलेली ठेवू नका, नाहीतर ती बसते. छर्रे वेगळ्या डबीत ठेवून डबी पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.