पट्टा आवळला, पण माल बांधला का?

बोरघाटातून किंवा कसारा घाटातून उतरणाऱ्या मालमोटारींकडे पाहिले, तर माल बांधण्याच्या दोन पिढ्या एकाच रांगेत नजरेस पडतात. एका गाडीवर ताडपत्री आणि तिच्यावरून आडवेतिडवे फिरवलेले काथ्याचे वा नायलॉनचे दोर. तर शेजारच्या गाडीवर पिवळे-नारिंगी रुंद पट्टे आणि ते आवळणारी दातेरी चक्राची लोखंडी कळ. वाहतूक व्यवसायात ‘रॅचेट बेल्ट’ किंवा ‘लॅशिंग बेल्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा आता घरसामान हलवणाऱ्या टेम्पोंत आणि मोटारींच्या टपांवरही पोहोचला आहे. दोराची जागा पट्ट्याने घेतली, हे चांगलेच झाले. मात्र पट्टा आवळला की माल सुरक्षित झाला, ही समजूत तितकीच धोक्याची आहे.

या समजुतीच्या मुळाशी आणखी एक जुना समज आहे. ‘वजनदार माल जागचा हलत नाही’, असे चालकापासून हमालापर्यंत अनेकजण मानतात. एक टन वजनाचे यंत्र चार माणसांना सरकत नाही, हे खरे. परंतु ब्रेक लागतो तेव्हा ते ढकलणारी चार माणसे नसतात, तर त्या यंत्राचेच जडत्व असते. वजन वाढले की तळाशी होणारे घर्षण वाढते, तसे जडत्वही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे जड मालाला हलक्या मालापेक्षा कोणतीही सवलत मिळत नाही. उलट तो सुटला तर केबिनची मागची भिंत त्याच्यापुढे फारशी टिकत नाही, आणि त्या भिंतीला पाठ लावून चालक बसलेला असतो.

युरोपात माल बांधण्यासाठी जी मानके ठरवली आहेत, त्यांत हा हिशेब स्पष्ट मांडलेला आहे. रस्त्यावरील वाहनात बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, तर बाजूला व मागे ०.५ पट जोर सोसला पाहिजे, अशी अपेक्षा असते. म्हणजे एक टनाच्या पेटीला ब्रेकच्या वेळी ८०० किलो वजनाइतका जोर पुढे ढकलतो, असे धरायचे. हौद्याच्या तळाशी घर्षणांक ०.३ असेल, तर त्यातले ३०० किलो घर्षणच थोपवते. उरलेल्या ५०० किलोंचे काय, हा खरा प्रश्न.

येथेच पट्ट्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. मालाच्या वरून घेऊन दोन्ही बाजूंना आवळलेला पट्टा मालाला ‘धरून’ ठेवत नाही; तो मालाला खाली दाबतो. त्या दाबामुळे तळाचे घर्षण वाढते आणि ते घर्षण माल थांबवते. उरलेले ५०० किलो ०.३ घर्षणांकाने थोपवायचे तर सुमारे १,६७० किलोंचा जादा दाब हवा. त्यावर सुरक्षेसाठी सव्वापट धरली, की तो दोन टनांच्या पुढे जातो. पट्ट्याच्या प्रत्येक बाजूला ३०० किलोंचा ताण येत असेल, तर एक पट्टा दोन्ही बाजू मिळून ६०० किलो दाब देतो. म्हणजे एका टनाच्या पेटीला चार पट्टे लागले! आता त्याच पेटीखाली रबरी चटई अंथरून घर्षणांक ०.६ वर नेला, तर लागणारा दाब सव्वाचारशे किलोंच्या आसपास येतो. हिशेबाने एकच पट्टा पुरतो; पेटी फिरू नये म्हणून प्रत्यक्षात दोन लावावेत. पट्ट्यांवर खर्च करणारे अनेक मालक चटईवर खर्च करत नाहीत, हे म्हणूनच अनाकलनीय आहे. तेल सांडलेल्या किंवा धुळीने माखलेल्या हौद्यात तर हा हिशेबच कोसळतो. माल चढवण्यापूर्वी फिरवलेला झाडू हासुद्धा बांधणीचाच भाग असतो.

कोनाचेही तसेच आहे. पट्टा मालाच्या बाजूने उभा खाली उतरत असेल तर त्याचा सगळा ताण दाबण्याच्या कामी येतो. माल बुटका आणि हौदा रुंद असला, की पट्टा तिरका पसरतो. तळाशी ३० अंशांचा कोन झाला, तर निम्माच ताण दाबाच्या उपयोगी पडतो आणि पट्ट्यांची संख्या दुप्पट करावी लागते. अशा वेळी मालाला स्वतःच्या कड्या असतील, तर त्यांना चारही दिशांनी तिरके पट्टे बांधून तो थेट ओढून धरणे अधिक शहाणपणाचे. माल केबिनकडच्या भिंतीला भिडवून ठेवणे आणि मधल्या फटी लाकडी ठोकळ्यांनी भरणे, हा तर सर्वांत स्वस्त उपाय.

बाजारात पट्टा मागितला, की दुकानदार ‘पाच टनांचा’ म्हणून एक पट्टा पुढे करतो. हे पाच टन कोणते, ते विचारायला हवे. कधी तो पट्टा तुटण्याचा भार असतो. कधी मालाला पूर्ण वेढा घालून बांधल्यास चालणारा भार असतो आणि सरळ ओढीत त्याच्या निम्माच धरायचा असतो. युरोपीय मानकानुसार बनवलेल्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी या बाबतीत प्रामाणिक असते. तिच्यावर ‘एलसी’ या अक्षरांपुढे सरळ ओढीत चालणारा भार आणि ‘एसटीएफ’ या अक्षरांपुढे कळ हाताने आवळल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष राहणारा ताण दिलेला असतो. हे आकडे डेकान्यूटन या एककात असतात. एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाइतका जोर. वरून दाबून बांधायचे असेल तर दुसरा, लहान आकडा महत्त्वाचा. एलसी २,५०० आणि एसटीएफ ३०० असे आकडे एकाच पट्ट्यावर असू शकतात. खरेदी करणारा पहिला आकडा पाहून निश्चिंत होतो, माल मात्र दुसऱ्याच्या भरवशावर प्रवास करतो. ज्या पट्ट्याला चिठ्ठीच नाही, त्याच्या ताकदीविषयी दुकानदाराचा शब्द हाच पुरावा उरतो आणि तो घाटात उपयोगी पडत नाही.

चिठ्ठीचा रंगही बोलका असतो. निळी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची. माल बांधण्यासाठी बहुधा पॉलिएस्टरच निवडले जाते. इंग्लंडमध्ये १९४१ साली शोध लागलेला आणि पुढे टेरिलीन या नावाने आपल्याकडच्या शर्टांत घरोघरी पोहोचलेला हाच तो धागा. शर्टाची इस्त्री टिकवणारा त्याचा गुण येथेही कामी येतो: तो फारसा ताणला जात नाही. नायलॉन अधिक ताणले जाते आणि भिजल्यावर त्याची ताकदही काहीशी घटते. पावसाळ्यातील चार महिने गाडी चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. रसायनांची वाहतूक करणाऱ्यांसाठी निवड वेगळी ठरते. पॉलिएस्टर बऱ्याच आम्लांना दाद देत नाही, पण कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कांनी खराब होते; नायलॉनचे नेमके उलट आहे.

चांगला पट्टा निवडला तरी त्याचे आयुष्य संपवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांतला पहिला म्हणजे धार. लोखंडी पत्र्याच्या किंवा फरशीच्या कडेवरून ताणलेला पट्टा गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर करवतीखाली असल्यासारखा घासत राहतो. कडेवर प्लॅस्टिकचा कोपरा किंवा निदान जाड रबराचा तुकडा ठेवल्यास पट्टा वाचतो. शिवाय तो कोपऱ्यावर न अडकता सरकतो आणि ताण दोन्ही बाजूंना सारखा पोहोचतो. दुसरा मार्ग गाठीचा. दोराची सवय हाताला असल्याने तुटलेला किंवा अपुरा पडलेला पट्टा गाठ मारून जोडला जातो. दोर गाठीसाठीच असतो. पट्टा गाठीत स्वतःलाच कापतो आणि त्याची निम्मी ताकदही उरेलच असे नाही. कळीच्या दांड्याला पाइप लावून जोर काढणे हाही असाच घातक प्रकार. कळीच्या दंडावर पट्ट्याचे किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे यावेत. कमी असतील तर पट्टा निसटतो, जास्त असतील तर कळ अडकते. या पट्ट्याने माल उचलणे तर सर्वथा वर्ज्य. उचलण्याच्या पट्ट्यात भाराच्या सातपट ताकद ठेवतात, बांधण्याच्या पट्ट्यात तीनपटच.

गाडी निघाल्यावर काही किलोमीटरांतच माल बसतो. पोती दबतात, खोके एकमेकांत सरकतात आणि निघताना घट्ट असलेला पट्टा सैल पडतो. म्हणून पहिल्या थांब्यावर, आणि घाट उतरण्यापूर्वी तर नक्कीच, पट्टे पुन्हा आवळावेत. माल उतरवताना घाई अधिक नडते. प्रवासात कललेली पोत्यांची थप्पी कित्येकदा केवळ पट्ट्याच्या आधारावर उभी असते. कळ उघडताच ती उघडणाऱ्याच्या अंगावर येते. आधी भोवताली फिरून पाहणे आणि मगच कळीला हात घालणे, एवढी सवय जीव वाचवू शकते.

देखभालीला पैसा लागत नाही, शिस्त लागते. चिखल लागलेला पट्टा साध्या थंड पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. चिखलातील वाळूचे कण धाग्यांत शिरून आतून ते कापत असतात. तेलाचे दोन थेंब द्यायचे ते कळीच्या सांध्याला, कापडाला नव्हे. उन्हातील अतिनील किरण धागा हळूहळू ठिसूळ करतात, म्हणून रिकाम्या गाडीच्या कड्यांना पट्टे महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवू नयेत. रंग उडालेला, हाताला ताठर लागणारा पट्टा संशयाने पाहावा. रुंदीच्या दहाव्या भागाहून अधिक कड चिरली असेल, शिवण उसवली असेल, धागे वितळून चकाकत असतील, हुकाचे तोंड फाकले असेल किंवा चिठ्ठी वाचता येत नसेल, तर तो पट्टा बाद समजावा.

बाद पट्टा गाडीत ठेवला, की घाईच्या एखाद्या रात्री तो ‘एवढी एक खेप’ म्हणून पुन्हा वापरात येतो. भंगारात गेला तरी धुऊन-पुसून दुसऱ्याच्या गाडीवर चढतो. त्यामुळे टाकण्याआधी त्याचे मधोमध दोन तुकडे करावेत आणि चांगली असलेली कळ तेवढी काढून ठेवावी.