टीव्हीवर पूल बघताय? चांगली कॉमेंट्री कशी ओळखायची?

क्रिकेटमध्ये सिक्स गेला की कॉमेंटेटर गप्प बसला तरी चालतं. चेंडू प्रेक्षकांत पडलेला सगळ्यांना दिसतो. पूलमध्ये उलटं होतं. खेळाडू जितका भारी, तितका त्याचा खेळ सोपा दिसतो. एकामागून एक सरळ बॉल जाताना बघून नवख्याला वाटतं, यात काय विशेष? त्या सोपेपणामागची मेहनत दाखवून देणं हेच इथे कॉमेंटेटरचं खरं काम असतं.

सगळा खेळ पांढऱ्या बॉलचा

कॅरममध्ये प्रत्येक वेळी स्ट्रायकर हातात मिळतो आणि आपल्या पट्टीवर हवा तिथे ठेवता येतो. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबेल, पुढचा शॉट तिथूनच मारावा लागतो. टीव्हीवर जास्त दिसणाऱ्या नाइन-बॉलमध्ये तर टेबलावरच्या सर्वात लहान नंबरच्या बॉलला आधी स्पर्श करावाच लागतो. म्हणून खेळाडू 1 नंबर मारताना 2 आणि 3 चा विचार करत असतो.

हा विचार कॅमेऱ्यात दिसत नाही. वरून घेतलेल्या चित्रात टेबल सपाट दिसतं आणि बॉलला दिलेली फिरकी कळत नाही. ती बोलून दाखवावी लागते.

कधी बोलायचं?

शॉटच्या आधी. मॅचरूमच्या मोठ्या स्पर्धांमध्ये एका शॉटला साधारण 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात चांगला कॉमेंटेटर दोनच गोष्टी सांगतो: पांढरा बॉल कुठे थांबायला हवा आणि तिथे जाताना धोका कशाचा आहे. मग तो गप्प बसतो. आता बॉल दोन इंच पुढे गेला तरी काय बिघडलं, हे घरी बसलेल्यालाही कळतं.

शॉट झाल्यावर नुसतं 'काय शॉट आहे!' म्हणण्यातून प्रेक्षकाला काहीच मिळत नाही. आधी अंदाज सांगण्यात चुकण्याचा धोका असतो. पण खेळाडूने वेगळा मार्ग निवडला, तर 'हा जास्त चांगला होता, कारण...' असं मोकळेपणाने म्हणणारा कॉमेंटेटर विश्वास कमावतो.

एक उदाहरण

1995 मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलँड यांच्यात 12-12 अशी बरोबरी झाली. पुढची फ्रेम जिंकेल त्याची मॅच. स्ट्रिकलँडने पांढरा बॉल असा लपवला की 5 नंबरवर सरळ मारायला वाटच उरली नाही. रेयेसने दोन कुशनना लावून 5 नंबर पॉट केला आणि मॅचही जिंकली. हा 'झेड शॉट' आजही शेअर होतो. पण वाट बंद आहे आणि 5 ला नुसता स्पर्श झाला तरी खूप, हे आधी माहीत नसेल, तर ती क्लिप म्हणजे इकडेतिकडे आपटणारा एक बॉल.

शांत बसणंही कामच

आकाशवाणीवर बाळ ज. पंडित क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीतून करायचे, तेव्हा श्रोत्याला मैदान दिसत नसे. प्रत्येक हालचाल सांगणं गरजेचं होतं. टीव्हीवर बॉल दिसतोच, तो गेला हे सांगायची गरज नसते.

याचा धडा पूलच्या भावंडाने, म्हणजे स्नूकरने दिला. बीबीसीवर 1969 मध्ये सुरू झालेल्या 'पॉट ब्लॅक'चे कॉमेंटेटर टेड लो 'व्हिस्परिंग टेड' म्हणून ओळखले जायचे. सुरुवातीच्या काळात ते प्रेक्षकांत बसून बोलत. खेळाडूचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून आवाज खाली ठेवायचे. त्या कुजबुजीने शॉटमधला ताण घराघरांत पोहोचला.

मग दोन जण कशाला?

एक जण स्कोअर, नियम आणि मॅचची गोष्ट सांभाळतो. दुसरा बहुतेक वेळा माजी किंवा सध्याचा खेळाडू असतो. खेळाडूच्या डोक्यात काय चाललंय, हे तो सांगतो. गडबड होते ती दोघं जुन्या आठवणींत रमले आणि टेबल विसरले की. 'सेफ्टी' म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा शॉट, एवढं एकदा सांगितलं तरी नवखा टिकतो आणि जाणकारही कंटाळत नाही.

पुढची मॅच बघताना एवढंच तपासा: पांढरा बॉल कुठे थांबायला हवा, हे शॉटच्या आधी तुम्हाला कळतंय का? अर्ध्या तासात कळायला लागलं, तर कॉमेंट्री चांगली आहे.