विंडोज बदलली आणि आजोबांची फाइल 'हरवली'!

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्यासाठी शंभर मार्कांचा एक विषय होता, बाकी सगळं इंग्लिश. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर तासाभरात झाला असता. पण विषयच असा आहे की तो मराठीतच लिहायला हवा. का, ते शेवटी कळेलच.

गोष्ट २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी साताऱ्याला घरी पोचले, बॅग ठेवली, आणि चहाच्या आधी आईने विचारलं, "अगं, तो कॉम्प्युटर सारखा म्हणतोय की विंडोज १० संपली. म्हणजे आता तो बंद पडणार का?"

हा प्रश्न त्या सुट्टीत आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरी विचारला गेला असेल, म्हणून आधी त्याचं उत्तर. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. ती पूर्वीसारखीच चालू होते. फक्त नवीन सिक्युरिटी अपडेट येणं थांबतं, म्हणजे घराच्या कडीला भोक पडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. आमचे बाबा त्याच कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करतात, त्यामुळे "चालतंय ना, मग राहू दे" म्हणायची सोय नव्हती.

मी काय, सेकंड इयरपासून विंगमधल्या सगळ्यांचे लॅपटॉप फॉरमॅट करून देणारी! म्हटलं, "आई, दोन तासांचं काम आहे. फराळाच्या आधी करून देते." प्रत्यक्षात चार दिवस लागले.

पहिला दिवस : 'हा पीसी चालणार नाही'

आमचा पीसी २०१९ मध्ये असेंबल केलेला. आठव्या जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट चालेल असं यूईएफआय आणि टीपीएम २.० लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. कागदावर आम्ही पास! पण मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं तर लाल फुली, 'टीपीएम सापडलं नाही'.

टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी तिजोरी समजा. एन्क्रिप्शनच्या चाव्या हार्ड डिस्कवर उघड्या न ठेवता ती वेगळ्या सुरक्षित जागी ठेवते. बऱ्याच प्रोसेसरांत ती आतच असते, पण असेंबल केलेल्या मशीनमध्ये बायोसमधून बंद ठेवलेली असते. इंटेलवर तिचं नाव 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम'. मी अर्धा दिवस बायोसमध्ये 'टीपीएम' शोधत बसले होते आणि ती 'पीटीटी' नावाने समोरच होती. नवीन मदरबोर्ड विकत घ्यायच्या आधी हे एकदा बघाच.

दुसरा दिवस : डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह

टीपीएम झालं, तर सिक्युअर बूट अडलं. रन बॉक्समध्ये 'एमएसइन्फो३२' टाकलं तर बायोस मोड 'लेगसी'. म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती, आणि यूईएफआयमधून विंडोज चालवायला जीपीटी पद्धतीची डिस्क लागते. एमबीआरचं जीपीटी करायला विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाची कमांड आहे आणि ती डेटाला हात लावत नाही. पण तिची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन हवीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन असता कामा नये. आता आपल्याकडच्या पीसीला सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देण्याची प्रथा! आमचे डी आणि ई एक्स्टेंडेडमध्येच होते. 'व्हॅलिडेट' करून पाहिलं, फेल.

तेव्हा मी ठरवलं की पूर्ण डिस्क पुसायची आणि कोरी विंडोज टाकायची. बाबांनी दोनदा विचारलं, "सगळं कॉपी केलंस ना?" मी म्हटलं, "हो बाबा, सगळं." डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप, डाउनलोड्स, पूर्ण डी, पूर्ण ई, सगळं एक्स्टर्नल डिस्कवर गेलं होतं. ब्राउझरमधले पासवर्डसुद्धा आठवणीने काढले होते. त्यामुळे मी निर्धास्त होते.

तिसरा दिवस : फाइल आहे, पण वाचता येत नाही

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप केला, बायोस यूईएफआयवर टाकलं, पार्टिशन उडवली, इन्स्टॉल सुरू. मध्येच सेटअपने इंटरनेट मागितलं आणि पुढे सरकेना. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तेव्हा गाडी हलली. संध्याकाळी नवीन विंडोज समोर आली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आई आली आणि म्हणाली, "अण्णांची फाइल उघडून दाखव गं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि आई टाइप करायची. लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली होती, त्यामुळे तिची बोटं अजूनही झरझर चालतात. बासष्ट पानं झाली होती. मग आजोबा गेले आणि फाइल तशीच राहिली. प्रिंट कधी काढलीच नाही, 'काढू निवांत' म्हणत.

मी फाइल उघडली. बासष्ट पानं होती, पण मराठीचं एक अक्षर नाही! सगळी इंग्लिश अक्षरं, आणि तीही अर्थ नसलेली. आई काही बोलली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी काय काय केलं नाही! बॅकअपची कॉपी उघडली, तेच. वाटलं कॉपी करताना फाइल करप्ट झाली, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायला लागले. रात्री एकच्या सुमारास लक्ष गेलं ते वर्डमधल्या फाँटच्या चौकटीकडे. तिथे लिहिलं होतं 'कृतिदेव ०१०'. फाँट कॉम्प्युटरवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवत राहतं. फाइल चांगली होती, फाँट गेला होता. आणि फाँट कुठे होता? सी ड्राइव्हमध्ये, विंडोज फोल्डरच्या आत, फाँट्स नावाच्या फोल्डरमध्ये. तिथे मी बघितलंसुद्धा नव्हतं, कारण 'विंडोज फोल्डर नवीन येणारच आहे'!

हे असं का होतं?

इथे थोडी इंजिनिअरिंग. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, नंबर साठवतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. पण कृतिदेवसारखे जुने फाँट युनिकोडचे नाहीत. त्यांनी इंग्लिश अक्षरांचेच नंबर घेतले आणि त्यांवर फक्त मराठी चित्रं बसवली. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात जातात ती इंग्लिशची ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच अक्षरं. फाँट असेल तर 'मराठी' दिसतं, नसेल तर नुसती ई-जे-के-बी-एच. म्हणजे फाँट हा नुसता दागिना नव्हता, ती फाइलची किल्ली होती.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी विंडोजमध्येच येते. पण टायपिंग शिकलेल्या लोकांची बोटं जुन्या कीबोर्डवर बसलेली, डीटीपीवाल्यांची कामं जुन्या फाँटमध्ये, त्यामुळे आपल्या घराघरांत, सोसायट्यांत, पतसंस्थांत अशा फाइली अजून पडून आहेत. माझ्यासारख्यांना हे माहीतच नसतं, कारण आम्ही मराठी टाइप करतो ती मोबाइलवर, आणि तिथे सगळं युनिकोडच.

चौथा दिवस : प्रेसवाले काका

सकाळी आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांकडे गेले. ते हसले. "अगं, हा फाँट आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. पेनड्राइव्ह आण." राइट क्लिक, इन्स्टॉल, फाइल पुन्हा उघडली आणि बासष्टच्या बासष्ट पानं मराठीत! मी ओरडलेच. आई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

मग फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेली, म्हणजे पुन्हा ही वेळ यायला नको. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. 'सूर्य'मधला रफार कृतिदेवमध्ये 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ही उलटापालट करताना चुका राहतात. म्हणून आई आणि मी ओळ न् ओळ तपासली. मी मोठ्याने वाचायचे, आई मूळ फाइल बघायची.

आता टिप्स. कापून भिंतीवर लावा!

१. आधी मशीन पास होते का ते बघा. टीपीएम नाही म्हणाली तर बायोसमध्ये 'पीटीटी' किंवा 'एफटीपीएम' शोधा.

२. शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. नवीन एसएसडी घ्या, तिच्यावर विंडोज टाका, आणि जुनी डिस्क काढून सहा महिने कपाटात ठेवा. माझे चारातले दोन दिवस वाचले असते. शिवाय एसएसडी आणि आठ जीबी रॅम नसेल तर विंडोज ११ रखडत चालते.

३. बॅकअप म्हणजे नुसत्या फाइली नव्हेत. फाँट्सचं फोल्डर, प्रिंटरचा ड्रायव्हर, ब्राउझरचे पासवर्ड, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, हे सगळं घ्या.

४. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटचे ड्रायव्हर आणि डॉसच्या काळातले प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत. घरी जुना प्रिंटर किंवा दुकानाचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर आधी चौकशी करा.

५. अकाउंट घरच्यांच्या ईमेलने उघडा, स्वतःच्या नको. नवीन इन्स्टॉलमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. ती वहीत लिहून ठेवा. नाहीतर तुम्ही हॉस्टेलवर आणि आई-बाबा निळ्या स्क्रीनसमोर!

६. मशीन फारच जुनी असेल तर अट चुकवून विंडोज ११ घुसवू नका. घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना जाहीर झाली होती, पण ती तात्पुरती सोय. लिनक्स मिंटसारखी सिस्टम पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, चालवून बघता येते. ब्राउझर आणि बँकेपुरतं ती छान पुरते.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुसायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवा आणि विचारा, "तुमचं काय काय आहे यात? उघडून दाखवा." मी फोल्डर मोजले, माणसांना विचारलंच नाही.

ती फाइल इतकी वर्षं घरात होती आणि मी कधी वाचली नव्हती. मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून टाळत होते. तपासताना वाचली. तेराव्या पानावर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची पहाट आहे. शाळेची भिंत कोसळली होती, आणि अण्णांनी आठवड्याभरात आंब्याच्या झाडाखाली वर्ग भरवला. पहिल्या दिवशी हजेरीला सात मुलं होती, त्या सातही जणांची नावं त्यांनी सांगितली आहेत. ती नावं वाचताना मी दोनदा अडखळले आणि आईने दोन्ही वेळा सुधारली.

या वेळी प्रिंट काढली आहे. दोन प्रती. एक आईच्या कपाटात आणि एक माझ्या हॉस्टेलच्या खोलीत. कुणाला वाचायची असेल तर या. आणि घरी कुणाला कृतिदेव हवा असेल तर पेनड्राइव्ह घेऊनच या!