माशाचा रंग का उडतो?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील धनिकांच्या मेजवान्यांत एक विचित्र करमणूक चालत असे. समुद्रातला तांबडा मलेट मासा जिवंतपणीच काचेच्या भांड्यात घालून पाहुण्यांसमोर आणावयाचा आणि मरता मरता त्याच्या अंगावरून जे रंग सरकत जातात, ते पाहत बसावयाचे. सेनेका या तत्त्वचिंतकाने आपल्या ग्रंथात या शौकाचा कडक समाचार घेतला आहे. आपल्या दिवाणखान्यातील काचपेटीत असे क्रौर्य कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. पण रंग वाचता आला नाही, तर परिणाम फारसा निराळा होत नाही. मासा घुसमटत असतो आणि आपण त्याच्या नव्या छटेचे कौतुक करतो. किंवा मासा सुखात असतो आणि आपण घाबरून पाण्यात औषध ओततो. दोन्ही प्रकारांत जीव जातो तो माशाचाच. शिवाय खाऱ्या पाण्यातले हे शोभेचे मासे बहुतांशी प्रवाळबेटांवरून धरून आणलेले असतात, माणसाने पैदास केलेले नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. समुद्रातला मासा जिवंत आणि डोळ्यांसमोर पोहताना अनेकांनी प्रथम पाहिला तो तेथे. बाजारात बर्फावरचा मासा पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे रंग खोटे, कोणी रंगवून काढल्यासारखे वाटतात. हे रंग येतात तरी कोठून?

भीतीने माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो, कारण कातडीतले रक्त कमी होते. माशाचे तसे नाही. त्याच्या त्वचेत रंगपेशी असतात. काळ्या, पिवळ्या, तांबड्या अशा त्यांच्या निरनिराळ्या जाती. काळी रंगपेशी डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक पांढरे ताट घ्या आणि त्यात मूठभर काळे तीळ टाका. तीळ ताटभर पसरले, तर लांबून ताट काळे दिसेल. तेच तीळ मधोमध गोळा केले, तर ताट पांढरे दिसेल आणि मध्ये एक ठिपका. तीळ तेवढेच, ताटही तेच. रंगपेशीतही नेमके हेच होते. रंगद्रव्याचे कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो, मध्याशी गोळा झाले की फिका पडतो.

हे तीळ हलवणारे हात दोन आहेत. एक मज्जातंतूंचा, तो झटपट चालतो. कण गोळा करण्याची आज्ञा मज्जातंतूंतून येते, म्हणून दचकलेला मासा पाहता पाहता फिका पडतो. १९११च्या सुमारास कार्ल फॉन फ्रिश या तरुण संशोधकाने मिनो नावाच्या लहान माशावर प्रयोग करून ही गोष्ट तपशीलवार मांडली. मज्जातंतू कापला की त्याच्या ताब्यातला त्वचेचा भाग काळवंडतो, कारण कण गोळा ठेवणारी आज्ञाच तुटलेली असते. पुढे मधमाश्यांच्या नृत्यभाषेमुळे जगप्रसिद्ध झालेले आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच फॉन फ्रिश. दुसरा हात संप्रेरकांचा, म्हणजे रक्तातून वाहणाऱ्या रसांचा. तो सावकाश चालतो आणि त्याचा परिणामही रेंगाळतो. तेव्हा माशाच्या अंगावर एकच डाग किंवा एकच बाजू काळी पडली, तर पाण्याला दोष देण्यापूर्वी तेथे इजा झाली आहे की काय, हे पाहावे.

निळ्या रंगाची गोष्ट निराळी. बहुतेक माशांत निळे रंगद्रव्य नसतेच. मॅंडरिन मासा हा फार थोड्या अपवादांपैकी एक. एरवी निळा रंग मोरपिसासारखा, प्रकाशाच्या खेळाने होतो. पेशीत ग्वानिन या द्रव्याच्या अतिपातळ चकत्यांची चळत असते, आणि दोन चकत्यांतले अंतर बदलले की परत फिरणारा रंगही सरकतो. निळी डॅमसेल घाबरली की तिची झळाळी जाऊन ती काळपट दिसू लागते, ती यामुळेच.

आता घाबरण्याचे कारण नसलेले बदल. पांढऱ्या वाळूच्या टाकीत मासा फिका पडतो, काळ्या तळावर गडद होतो. वरून येणारा आणि तळावरून परतणारा उजेड यांची तुलना त्याचा डोळा करीत असतो. रात्रीचा पोशाख तर अनेक माशांना असतो. फॉक्सफेस हा पिवळाधमक मासा दिवा मालवल्यावर तपकिरी डागांनी भरून जातो. पहाटे दिवा लावून त्याला पाहणाऱ्या नवशिक्याला तो रात्रीत सडला असेच वाटावे! अर्ध्या तासाने पिवळा झाला, तर काळजी नाही. भरदुपारी मात्र तेच डाग राहिले, तर तो भ्यालेला आहे. वयानेही रंग पालटतो. सम्राट एंजल माशाचे पिल्लू गडद निळे आणि त्यावर पांढरी वर्तुळे. प्रौढ मासा निळा-पिवळ्या पट्ट्यांचा. दोघांत इतका फरक, की त्या पिल्लाला एकेकाळी शास्त्रज्ञांनी वेगळी जात समजून निकोबारवरून नावही दिले होते. आपल्या हद्दीत दुसरा प्रौढ खपवून न घेणारे मोठे मासे पिल्लाला प्रतिस्पर्धी समजत नाहीत, हा या वेगळ्या वेषाचा फायदा असावा असा तर्क आहे. आणि तांबडा-पिवळा रंग काही आठवड्यांत हळूहळू विटत गेला, तर आहार तपासावा. ती द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही. कोळंबी, शेवाळ अशा अन्नातूनच ती त्याला मिळतात.

खरा ताण ओळखावयाचा तो रंगाबरोबर श्वास पाहून. कल्ल्यांची झाकणे भराभर हलत आहेत काय? मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकतो आहे काय? पंख अंगाशी मिटले आहेत, अन्नाकडे पाठ आहे, दगडावर अंग घासले जात आहे काय? सागरी माशाची एक अडचण आपल्या लक्षात येत नाही. त्याच्या शरीरातील रस समुद्राहून कमी खारे असतात, म्हणून त्याचे पाणी सतत बाहेर झिरपते. ते भरून काढण्यास तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ मुख्यत्वे कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाण्यातल्या तहानलेल्या माशाचे कबीराला हसू आले; सागरी माशाच्या बाबतीत ती तहान अक्षरशः खरी आहे. भ्यालेल्या माशाच्या कल्ल्यांत रक्त जोराने खेळते. प्राणवायू जास्त मिळतो खरा, पण पाणीही जास्त जाते. भीती लांबली तर तो आतून सुकत जातो, आणि रोगाशी झगडण्याची त्याची ताकदही घटते.

त्यातून टाकी नवी असली, तर अमोनियाची भर पडते. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा अधिक असतो. टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी चार रंगीत मासे सोडणाऱ्याने काय केले, हे वेगळे सांगावयास नको. अशा वेळी औषध नको. तितक्याच खारट आणि तितक्याच उष्ण अशा ताज्या पाण्याने काही भाग बदलावा आणि हवेचे बुडबुडे वाढवावेत.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मात्र वेगळा. मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके अंगावर दिसण्यापूर्वीच परोपजीवी पुष्कळदा कल्ल्यांत शिरलेला असतो. म्हणून श्वास आधी वाढतो. चार-सहा दिवसांनी ठिपके आपोआप गळतात, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि नेमकी तेथेच फसगत होते. परोपजीवी मेलेला नसतो. तो तळाशी कोष करून शेकड्यांनी वाढत असतो आणि पुन्हा उठतो. यावर तांब्याचे औषध चालते, पण ते वेगळ्या टाकीत, मात्रा मोजून द्यावे. मुख्य टाकीतील प्रवाळ, झिंगे, शंखातले जीव तांब्याने मरतात.

नवा मासा घरी आणल्यावर पहिली रात्र दिवा बंद ठेवावा, लपावयास दगडांची कपार द्यावी आणि काचेवर टिचक्या मारणाऱ्या मुलांना दूर ठेवावे. वेगळ्या टाकीत तो चार आठवडे राहू द्यावा. रोज सकाळी, दिवा लागून तासभर झाल्यावर, त्याचा रंग आणि मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात, हे वहीत टिपावे. दोन आठवड्यांत त्या माशाचा नेहमीचा रंग कोणता हे वहीवरूनच कळू लागते.